हात ठेवलेलं औषध

दिगंबरबुवा टाकळीकरांच्या हाताला पहिल्यांदा कंप सुटला तो ऐन गजरात. टाकळीच्या दत्तमंदिरातली माणसं टाळ्या धरून डोलत होती आणि बुवांच्या उजव्या हातातली झांज डावीला भेटायच्या आधीच थरथरायला लागली. माणसांना वाटलं, आज बुवा रंगात आलेत. पहिल्या रांगेत खांबाला टेकून बसलेल्या डॉक्टर अच्युत केळवकरांना मात्र तसं वाटलं नाही. पूर्वरंगात, म्हणजे आख्यानाआधीच्या निरूपणात, हमखास डुलकी काढणारा हा माणूस खडबडून जागा झाला आणि आरतीनंतर बुक्का लावून घेण्याच्या निमित्तानं पुढं होऊन त्यानं बुवांचं मनगट धरलं.

तो कंपवात निघाला.

टाकळीपासून हाकेवर असलेल्या मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. मुलानं बुवांना मोठमोठ्या दवाखान्यांतून फिरवून आणलं. पण गोळी घ्यायची ती केळवकरांच्याच हातून, हा बुवांचा हट्ट. केळवकरांचा दवाखाना जुन्या वळणाचा होता. पुढच्या खोलीत डॉक्टर, मागच्या खोलीत औषधं, मधल्या भिंतीत एक खिडकी. खिडकीपलीकडं त्यांची मुलगी शलाका बसायची. औषधशास्त्र शिकलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि बापाच्या निम्म्यानंही न बोलणारी. डॉक्टरांनी हाक मारली की खिडकीतून तिचा हात पुढं यायचा. डॉक्टर ती गोळी पेशंटच्या तळहातावर ठेवायचे, त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटायचे आणि म्हणायचे, "घ्या. झालं काम."

लोक म्हणत, केळवकरांना हातगुण आहे. डॉक्टर म्हणत, हातगुण बितगुण काही नाही, साबण चांगला वापरतो.

डॉक्टर आस्तिक नव्हते आणि नास्तिकही नव्हते. ते श्रोते होते. बुवांचं एक कीर्तन त्यांनी चुकवलं नाही. तुमच्या पूर्वरंगात झोप इतकी गोड लागते की मला गोळी लागत नाही, असं ते बुवांना ऐकवत, आणि म्हणून तर तुम्हाला खांब दिलाय, असं बुवा परतवत. आख्यान लागलं की मात्र डॉक्टर आपोआप जागे होत, आणि पुढचा शब्दन् शब्द कानांनी पीत. असंच एकदा गोळी घेता घेता दोघांनी करार केला. डॉक्टर आधी गेले तर त्यांच्या तेराव्याला कीर्तन बुवांचं, दुसऱ्या कुणाचं नाही. बुवा आधी गेले तर जो कोणी उभा राहील त्याच्या पूर्वरंगात डॉक्टर जागे राहतील. खिडकीतून ऐकणारी शलाका दोघांवर रागावली होती, सकाळी सकाळी कसलं बोलता म्हणून.

पुढं मात्रायंत्र आलं आणि त्याच्यामागून विभागणीचा कायदा आला.

मात्रायंत्र म्हणजे फ्रिजएवढी पेटी. पेशंटच्या मनगटावर कागदासारखी पातळ पट्टी चिकटवलेली असते. हाताचा कंप, नाडी, घामातली द्रव्यं, सगळं ती टिपत राहते आणि यंत्राला कळवत राहते. यंत्र त्यावरून मात्रा ठरवतं आणि त्या एका माणसापुरती, त्या एका दिवसापुरती कॅप्सूल भरून देतं. कुणाला किती औषध लागेल याचा अंदाज बांधायची डॉक्टरला गरज उरली नाही. मग सरकारनं वाटणी केली. डॉक्टरनं आजार ओळखायचा आणि काय साधायचं ते यंत्राला कळवायचं; औषधाला हात लावायचा नाही, मात्रा विचारायची नाही. औषधनिर्मात्यानं यंत्र सांभाळायचं, मात्रेची जबाबदारी घ्यायची. निदानात तोंड घालायचं नाही. दोघांनी एका छपराखाली काम करायचं नाही आणि पेशंटबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही.

कायदा वाईट नव्हता. ज्याच्या हाती निदान त्याच्याच हाती दुकान, यापायी गावोगाव नको त्या गोळ्या माणसांच्या पोटात गेल्या होत्या. डॉक्टर केळवकरांनी तर भर सभेत उठून कायद्याची बाजू घेतली होती. गवंडी बोलावून मधली खिडकी त्यांनीच बुजवून घेतली. शलाकानं लक्ष्मी मार्केटच्या बाजूला दुकान थाटलं. बापलेक एका घरात राहायची, समोरासमोर जेवायची. पण ज्या गोष्टीवर दोघं आयुष्यभर बोलत आली तीच ताटावरून उठली. आमटीत मीठ बरोबर पडलंय, इतकं बोलून जेवण संपायचं.

डॉक्टरांच्या हातून गोळी घेणं बंद झाल्यावर बुवांचा कंप वाढू लागला. यंत्रानं मात्रा वाढवली. कंप पुन्हा वाढला, मात्रा पुन्हा चढली. त्या वर्षीच्या गुरुद्वादशीला निरूपण रंगात आलेलं असताना बुवा एकदम थांबले आणि पेटीवाल्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेला त्यांनी वाकून नमस्कार केला. पेटीवर त्यांची साथ करणारे जुने शंकरराव तिथं बसलेले त्यांना दिसले होते. शंकररावांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मंडपात कुजबुज झाली, माणसांनी हात जोडले. बुवांना काहीतरी साक्षात्कार झाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बुवा सुनेला, प्राजक्ताला, घेऊन शलाकाच्या दुकानात आले आणि त्यांनी सरळ विचारलं, हे गोळीनं होतं का? शलाका म्हणाली, होय. मात्रा चढली की काहींना गेलेली माणसं दिसतात.

बुवांनी काउंटरच्या काचेवर दोन्ही हात टेकले.

"मला नको असलं," ते म्हणाले. "नमस्कार ज्याला करायचा तो खरा पाहिजे. नारदाच्या गादीवर उभा राहून काल मी रिकाम्या सतरंजीला नमस्कार केला, बाळ."

जाता जाता, कुणाला उद्देशून नाही असं, ते पुटपुटले की डॉक्टरांचा हात लागायचा तेव्हा बरं होतं.

त्या रात्री जेवताना शलाकानं बुवांची कॅप्सूलची डबी वडिलांच्या ताटाशेजारी ठेवली. बोलली काही नाही. डॉक्टरांनीही डबी कुणाची म्हणून विचारलं नाही. ताक पिता पिता त्यांनी डावा तळहात त्या डबीवर ठेवला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि ताक संपेपर्यंत तिथंच राहू दिला. सकाळी शलाकानं डबी बुवांच्या हाती देताना हलकेच सांगितलं, "बाबांनी हात ठेवलाय."

बुवांनी कॅप्सूल गिळली. प्राजक्ता सांगते, दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आत आण्णांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, हात शांत झाला.

यात चमत्कार काही नाही. कंपवातात मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी वाळत जातात. गोळी बाहेरून कच्चा माल पुरवते. पण उरलेल्या पेशींच्या पोटात थोडा साठा असतोच, आणि आता बरं वाटणार अशी खात्री पटली की मेंदू तो साठा मोकळा सोडतो. पिठाची गोळी दिली तरी सोडतो. शास्त्रज्ञांनी हे फार पूर्वी मोजून ठेवलेलं आहे. बुवांची कॅप्सूल पोटात विरघळायला वेळ लागायचा, हात मात्र घोटासरशी थांबायचा. पट्टीनं तो फरक टिपला. यंत्राचा नियम साधा होता: शरीर स्वतः जे करतं ते आपण द्यायचं नाही. डॉक्टरांच्या हाताचा वाटा जेवढा निघाला तेवढी मात्रा यंत्रानं कापली. डबी रोज ताटाशेजारी येत राहिली, खात्री वाढत गेली, मात्रा उतरत गेली. शंकरराव दिसायचे थांबले. शेवटी कॅप्सूलमध्ये औषध उरलं ते पूर्वीच्या चतुर्थांश; बाकी सगळा हात.

मात्रा शलाकाला दिसत होती, आजार डॉक्टरांना दिसत होता. दोघांनी एकमेकांना सांगितलं असतं तर कदाचित दोघं घाबरली असती. पण त्या घरात आमटीशिवाय विषय नव्हता.

त्याच थंडीत डॉक्टर थोडे दिवस मुलाकडं नागपूरला गेले. तिथं छातीत कळ आली आणि गेले. शलाका धावली, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेरावाही भावानं तिकडंच उरकला. ती मिरजेला परतली, दुकान उघडलं, आणि पहिले बुवाच आले. शलाकानं जाताना भरून दिलेल्या, हात न लागलेल्या चतुर्थांश मात्रेच्या कॅप्सूलनं मधल्या दिवसांत त्यांचे हाल केले होते. पाऊल उचलेना, तोंडातून शब्द नीट फुटेना, हात तर पिंपळाच्या पानासारखा. प्राजक्तानं त्यांना खुर्चीवर टेकवलं. बुवांनी मान वर करून विचारलं, डॉक्टर आले का परत?

शलाकाच्या तोंडात खरं उत्तर तयार होतं. तिनं त्या हाताकडं पाहिलं आणि उत्तर बदललं. आलेत, ती म्हणाली. पण छातीचा त्रास आहे, माणसात मिसळायची मनाई आहे. मग डबी पुढं केली.

"बाबांनी हात ठेवलाय."

हात थांबला. यंत्राच्या पडद्यावर बुवांच्या कंपाची रेघ खाली आली, अगदी रोजच्यासारखी. बुवा गेल्यावर शलाका त्या रेघेकडं बघत राहिली. तिचा बाप राख होऊन गेला होता, भावानं त्याचे चष्मेसुद्धा वाटून टाकले होते, आणि त्याचा हात अजून काम करत होता. साऱ्या मिरजेत एवढी एकच जागा उरली होती जिथं बाबा जिवंत होते. ती तिला बंद करवेना.

प्राजक्ताला तिनं सगळं सांगितलं. प्राजक्तानं नवऱ्याला, नवऱ्यानं टाकळीला. खेड्यात गुपित टिकत नाही म्हणतात, पण हे टिकलं; बुवांचं कीर्तन बंद पडावं असं कुणालाच वाटत नव्हतं. देवळाचा पुजारी नाना एकदा बोलण्याच्या भरात बुवांसमोर "कैलासवासी" पर्यंत आला आणि कैलासावरच्या महादेवाची महती सांगून कसाबसा खाली उतरला. बुवा म्हणाले, नाना, तू निरूपण करू नकोस, घंटा वाजव. सगळे हसले. शलाकाला तो किस्सा प्राजक्तानं सांगितला तेव्हा तीही हसली, आणि घरी जाऊन बाबांच्या रिकाम्या जागेशेजारी डबी ठेवली. खोटं थोडं तरी खऱ्याजवळ राहावं म्हणून ती रोज तिथंच ठेवायची.

वर्ष उलटत आलं. एके दिवशी बुवा डबी घेताना म्हणाले, गुरुद्वादशीला डॉक्टरांना घेऊन ये. खुर्चीतून आण, पालखीतून आण, कसंही आण. खांबाजवळ मी कुणाला बसू देत नाही हल्ली. मग हसून म्हणाले, करार आहे आमचा, ठाऊक आहे ना तुला? त्यांच्या तेराव्याला मी उभा राहायचं. ते आधी जायचे नाहीत म्हणा. माझंच आधी दिसतंय.

शलाका काचेआड उभी होती. आपण काय केलं ते तिला त्या क्षणी पुरतं कळलं. बाबांनी आयुष्यात मागून घेतलेली गोष्ट एकच होती. तेराव्याचं ते कीर्तन त्यांना अजून मिळालं नव्हतं, आणि अडवून बसली होती ती स्वतः. बुवांना सांगावं, तर ज्या बातमीनं कीर्तन उभं राहायचं त्याच बातमीनं बुवा खाली बसणार. न सांगावं, तर बुवांचा गळा रोज गाणार, फक्त ज्याच्यासाठी गायचं त्याच्यासाठी कधीच नाही.

ती सरकारी केंद्रात, बुवांचा आजार आता ज्यांच्याकडं होता त्या नव्या डॉक्टरांकडं गेली. डॉ. ईशान बर्वे तरुण होते, सभ्य होते. तिनं तोंड उघडताच त्यांनी हात वर केला. मॅडम, मात्रा सांगू नका, मला ऐकता येत नाही. मी कळवलंय, कंप आटोक्यात हवा. तो आहे. शलाकानं विचारलं, तो खोट्याच्या जोरावर आटोक्यात असेल तर? आणि त्या खोट्यापायी माझ्या बाबांचं कीर्तन अडलं असेल तर? बर्वे म्हणाले, त्याची नोंद करायला यंत्रात जागा नाही. ती उठून दारापर्यंत गेली तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, माझी आजी असती तर मी तिला सांगितलं नसतं. पण मला तिच्याकडून काही हवंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका टाकळीला गेली. बुवा ओसरीवर मांडीवर झांज घेऊन तिची दोरी बदलत होते. बोटं अगदी न अडखळता चालत होती. ती त्यांच्या समोर जमिनीवर बसली.

"बुवा, बाबा नाहीत. गेल्या थंडीतच गेले. नागपूरला."

बुवांनी दोरीची गाठ पुरी केली. मग विचारलं, तेरावा कुणी केला? भावानं, ती म्हणाली. कीर्तन? नाही झालं. दारात उभी असलेली प्राजक्ता पदर तोंडाशी धरून आत गेली.

"मग इतके दिवस हात कुणाचा होता?"

"कुणाचाच नाही."

बुवा रागावले नाहीत. आणि मग त्यांच्या मांडीवरची झांज आपोआप वाजायला लागली. आधी किणकिण, मग सलग. दोघांनाही ती उचलून बाजूला ठेवायचं सुचलं नाही.

शलाकानं सोबत आणलेल्या त्या दिवसाच्या डबीकडं बुवांनी मान हलवली. तू ठेव हात, म्हणाले, त्यांचीच लेक आहेस. शलाकानं डबीवर हात ठेवला, कॅप्सूल त्यांच्या तळहातावर ठेवून मूठ दोन्ही हातांनी मिटली. बाबांचे शब्द मात्र तिच्या तोंडून निघाले नाहीत. बुवांनी गिळली. तिनं मोबाइलवर पट्टीची रेघ पाहिली. रेघ हलली नाही. तिनं तसं सांगितलं.

"खोटं बोलली असतीस तर लागू पडला असता," बुवा म्हणाले, आणि इतक्या कंपातही त्यांना हसू आलं.

मग ते म्हणाले, यंत्राला काय वाढवायची ती मात्रा वाढवू दे. वर्षश्राद्धाच्या तिथीला मी उभा राहणार. शलाकानं आठवण करून दिली, मात्रा चढली की पुन्हा शंकरराव दिसतील. येऊ देत, बुवा म्हणाले, पेटी तरी सुरात वाजेल.

तिथीच्या दिवशी संध्याकाळी दत्तमंदिर भरलं. खांबाजवळची जागा कुणी सांगितलं नसताना मोकळी राहिली. मुलानं आणि प्राजक्तानं दोन्हीकडून धरून बुवांना गादीवर आणलं. वाढत्या मात्रेनं त्यांची मान एका बाजूला पिळल्यासारखी होत होती, खांदा आपला आपण उडत होता. ते पाहून मागं बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पण हातात झांज होती, आणि आवाज खाली असला तरी सुरात होता. नमन झालं. निरूपणाला सुरुवात झाली. माणूस जातो तेव्हा नेमकं काय जातं, एवढंच बुवा विचारत होते, उत्तराची घाई न करता, जुन्या घरात एकेका खोलीचं दार लोटून बघावं तसे.

मध्येच ते थांबले. खांबाकडं बघत राहिले. पेटी थांबली, तबला थांबला. बुवांनी बायकांच्या बाजूला बसलेल्या शलाकाकडं मान वळवली.

"बाळ, खांबाजवळ कुणी बसलंय का?"

अख्खं देऊळ शलाकाकडं वळलं. वर्षभर या माणसांनी एक खोटं जपलं होतं, आणखी एक जपायला कुणाची ना नव्हती. पुजारी नानाची मान तर होकारार्थी हलूही लागली होती. शलाकाला माहीत होतं, आता नुसतं होय म्हटलं तर काय होईल. बुवांची खात्री परतेल, मात्रा उतरेल, तो उडणारा खांदा थांबेल. रेघ खाली येईल.

"नाही, बुवा," ती म्हणाली. "कुणी नाही."

बुवांनी मान डोलावली. बरं केलंस, म्हणाले. मग पुन्हा खांबाकडं पाहिलं.

"मला दिसतायत," ते म्हणाले. "डोळे मिटलेत. पूर्वरंग आहे ना अजून."

आणि गादीवर उभ्या असलेल्या त्या हरिदासानं मुलाचा हात सोडवून घेतला, कमरेत वाकून त्या रिकाम्या सतरंजीला नमस्कार केला, आणि पुढचं निरूपण हलक्या आवाजात सुरू केलं, झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये इतक्या हलक्या.

शलाकानं खांबाकडं पाहिलं. डॉक्टरांचं डोकं टेकायचं तिथं चुन्यावर तेलाचा एक काळपट डाग होता. त्याच्याखाली सतरंजी. बाकी काही नव्हतं. तिची मात्रा कुणी वाढवलेली नव्हती. आख्यान लागलं की बाबा जागे व्हायचे, एवढं तिला आठवत होतं. पूर्वरंग संपला, बुवांना बुक्का लावला, आख्यानासाठी झांज पुन्हा वाजली. ती त्या डागावरची नजर न काढता बसून राहिली.